‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे’ : हे वचन समजून घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये हे वचन जास्तच बोचतं. रामकुंडावर अस्थिकलश घेऊन उतरणारी माणसं इथे रोजची. त्याच शहरात बायबल-अभ्यासाला मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 8:22 निघालं की सगळे गप्प होतात. “आधी वडिलांना पुरून येऊ द्या,” म्हणणाऱ्या शिष्याला येशू सांगतो, “माझ्यामागे ये, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे.” ही अस्वस्थता लवकर संपवायच्या नादात आपण चुकतो.

पहिली चूक म्हणजे वचनाची धार बोथट करणं. “वडील जिवंतच होते, मुलगा ते जाईपर्यंत मुदत मागत होता,” हे उपदेशात इतक्या ठामपणे सांगितलं जातं, जणू शास्त्रातच लिहिलंय. शक्यता विचार करण्याजोगी आहे. तेव्हा यहुदी लोक शक्यतो त्याच दिवशी मृताला पुरत. मग वडील नुकतेच वारले असतील तर मुलगा तिथे काय करत होता? प्रश्न रास्त आहे, पण हा प्रसंग सांगणारे दोघे शुभवर्तमानकार, मत्तय आणि लूक, त्यावर काहीच बोलत नाहीत. त्यापेक्षा जुन्या करारातलं लेवीय 21:11 आणि गणना 6:7 उघडा. बापाच्याही प्रेताजवळ जाऊ नये, अशी आज्ञा तिथे फक्त प्रमुख याजकाला आणि नाजीराला, म्हणजे नवस करून देवाला वाहून घेतलेल्या माणसाला आहे. येशू तेवढीच मोठी अट एका साध्या शिष्याला घालतो. ऐकणारे हादरले असणार. आपणही हादरायला हवं.

दुसरी चूक याहून घातक. घरात एकटाच ख्रिस्ती झालेला असतो, गावाकडे वडील जातात, आणि चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी हेच वचन काढून त्याला “जाऊ नकोस” म्हणतं. कृपा करून असं करू नका. कोणत्या विधीत किती सहभागी व्हायचं, ते त्याचा विवेक ठरवेल. पण आईजवळ बसायला, बापाला खांदा द्यायला हे वचन मनाई करत नाही. हेच बोलणारा येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडला. नाईन गावात एकुलता एक मुलगा गमावलेल्या विधवेला पाहून त्याला कळवळा आला. ‘कुर्बान’ची, म्हणजे ‘हे देवाला अर्पण केलंय’ अशी सबब सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना त्याने मार्क 7 मध्ये खडसावलं आणि वधस्तंभावरून स्वतःच्या आईची सोय लावली.

ओळ सुटी वाचू नका. लूक 9:51 पासून वाचलं की कळतं, येशू यरुशलेमेला, मरणाकडे निघालाय. वाटेत भेटलेल्या तिघांपैकी एकाला फक्त घरच्यांचा निरोप घ्यायचाय. जुन्या करारात संदेष्टा एलीयाने आपल्यामागे येणाऱ्या अलीशाला तेवढी मोकळीक दिली होती (1 राजे 19:20). इथे तीही नाही. देवाच्या राज्याची घोषणा इतकी तातडीची आहे.

आणि वडिलांना पुरायला परवानगी मागणाऱ्या शिष्याबद्दल “तो मनुष्य परत गेला” असं शिकवू नका. खिन्न होऊन गेला तो मार्क 10 मधला श्रीमंत मनुष्य. याने पुढे काय केलं, हे मत्तयही लिहीत नाही, लूकही नाही.