रोजच्या काँप्युटर कामात या चुका टाळा

मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं दुकान असो, विश्रामबागेतलं कर सल्लागाराचं ऑफिस असो की मिरजेकडच्या गावातली दूध संस्था, काँप्युटरवरचं काम सगळीकडे सारखंच: याद्या, पत्रं, पावत्या, फॉर्म. अडतंही सगळ्यांचं त्याच चार-पाच ठिकाणी. सांगलीतल्या ऑफिसांतली मशीन बघायला जातो तेव्हा बहुतेक वेळा मशीनला काही झालेलं नसतं.

सगळ्यांत महागात पडते ती एक्सेलमधली चूक. सभासदांच्या बिलांची यादी बँकेला पाठवायची असते: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम. खाते क्रमांक टाकला की सुरुवातीची शून्यं गायब. 12 आकडी आधार क्रमांक टाकला की 1.23457E+11 असलं काहीतरी दिसतं. हे दुसरं नुसतं दिसण्यापुरतं असतं. सेलला नंबर फॉरमॅट देऊन दशांश स्थळं शून्य केली की आकडा जसाच्या तसा दिसतो. खरी भीती 16 आकडी खाते क्रमांकाची. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच सांभाळतं आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य ठेवतं. शेवटी 7 होता, आता 0 आहे. एरर येत नाही, लाल खूण येत नाही. यादी बँकेत गेल्यावर पैसे परत येतात, आणि बिलाची वाट बघणारा सभासद संस्थेच्या दारात उभा राहतो.

म्हणून आकडे भरायच्या आधी कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल आणि 1 दाबा, टेक्स्ट निवडा आणि मगच टाइप करा. एखाद-दुसराच आकडा असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह दिलं तरी भागतं. आधी भरून मागाहून टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सीएसव्ही फाइलचं, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलचं, आणखी एक आहे. तिच्यात कॉलमचा फॉरमॅट साठवलाच जात नाही. त्यामुळे बरोबर तयार केलेली सीएसव्ही ‘जरा बघू’ म्हणून डबल क्लिकने उघडली आणि पुन्हा सेव्ह केली की केलेलं सगळं पाण्यात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्येच हवी असेल तर डेटा टॅबमधून आत घ्या आणि त्या कॉलमला टेक्स्ट करा.

तारखांचा घोळ याच घरातला. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या, तर समजा की विंडोजमध्ये अमेरिकन पद्धत चालू आहे. 25/08 तिला तारीख वाटत नाही, म्हणून ती टेक्स्ट राहते. 05/08 मात्र 8 मे होऊन बसते. कंट्रोल पॅनलमधल्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) करा. हेही भरायच्या आधीच.

मराठी पत्रांचा त्रास वेगळा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेलं पत्र व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठी रूप चढवलेलं असतं. असा मजकूर फाइलमध्ये शोधताही येत नाही. नवीन पत्रं युनिकोडमध्येच करा, म्हणजे आतूनही मराठीच अक्षरं असलेल्या पद्धतीत. विंडोज 10 मध्ये 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडून त्याच्या ऑप्शन्समधून तो निवडा. मग कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. छापखान्याला जुनाच फाँट हवा असेल तर तेवढी एक प्रत कन्व्हर्ट करून द्या, मूळ पत्र युनिकोडमध्येच राहू द्या.

मशीन हळू चालतंय, प्रिंटर ऐकत नाही, म्हणून रोज बंद-चालू करून बघणारे पुष्कळ आहेत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर सगळं पूर्ण बंद होत नाही. सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करा. फोन उचलण्याआधी एवढं करून बघाच.

आधी कॉपी केलेलं हवं असेल तर विंडोज आणि V दाबा, पहिल्यांदा ते चालू करावं लागतं. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि T ने परत येतो. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र रिसायकल बिनमध्ये जात नाही, तेव्हा तिथे हात आवरा.

आणि बॅकअप. इरविन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. ज्या दुकानात काँप्युटर खाली आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, त्यांचं दोन्ही एकदम जाणार. नदीकाठच्या माणसाने बॅकअपची एक प्रत दुसऱ्या भागात, उंचावरच्या घरी ठेवायलाच हवी. गूगल ड्राइव्हला फोल्डर सिंक केलंय म्हणून निश्चिंत राहू नका: इथे फाइल उडवली की तिथूनही उडते आणि ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहते. जून लागायच्या आत ती हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप असेल तर रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते तपासा. चालू डेटावर रिस्टोअर करू नका.