परदेशी भाड्याची गाडी: डिझेल की पेट्रोल?
कागल ओलांडण्याआधी निपाणीत टाकी भरून घेणाऱ्या आपल्या सीमाभागातील माणसाला इंधनाचा हिशेब नवा नाही. पण मुलाबाळांकडे युरोपात गेल्यावर भाड्याची गाडी घेताना केवळ दर पाहून निर्णय घेऊ नये. रोज दोन-तीनशे किलोमीटर महामार्गाने जायचे असेल तर डिझेल गाडी घ्यावी, कारण ती कमी इंधनात अधिक अंतर कापते. शहरातल्या शहरात फिरायचे असेल तर पेट्रोलच बरे.

खरा धोका पंपावर असतो. फ्रान्समधील 'गाझोल', इटलीतील 'गाझोलिओ' आणि स्पेनमधील 'गासोलेओ' ही सारी डिझेलचीच नावे असून, स्पेनमध्ये 'गासोलिना' म्हणजे मात्र पेट्रोल. म्हणून झाकणाच्या आतले चिन्ह पाहावे: २०१८ पासून युरोपीय संघातील नव्या गाड्यांवर आणि पंपांवर पेट्रोलसाठी वर्तुळ व डिझेलसाठी चौकोन असतो. नळीच्या रंगावर विसंबू नये. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, तर अमेरिकेत ती बहुधा डिझेलची असते.

चुकीचे इंधन पडलेच, तर किल्ली अजिबात न फिरवता गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि भाडे कंपनीला फोन करावा.