हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमाला धार्मिक हरकत आली तर शाळेने काय करावे

सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या मामलेदार कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यात परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मा झाले, हे खटाव तालुक्यातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणूनच अभिवादनाच्या दिवशी एखादे मूल गप्प उभे राहिले की ते गावाच्या लगेच डोळ्यांवर येते.

पालक हरकत घेऊन आले, तर नेमकी कशाला हरकत आहे, हे आधी विचारावे. कार्यक्रमाला सरसकट नकार असतो असा आपला समज होतो, पण तसे क्वचितच असते. हळदकुंकवाचे ताट, स्तंभापुढे फोडलेला नारळ, तसबिरीची आरती हे काही घरांना पूजेसारखे वाटते. त्याच घरांना दोन मिनिटांचे मौन मनापासून मान्य असते. तेव्हा नावांचे वाचन, मौन आणि राष्ट्रगीत एवढा भाग सर्वांचा ठेवावा आणि नारळ-हार ज्यांना वाहायचा त्यांनी तो नंतर वाहावा. हुतात्म्यांचा मान यात कुठे कमी होतो, ते मला तरी दिसत नाही.

राष्ट्रगीत हा नाजूक भाग. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढले होते; मुले प्रत्येक वेळी आदराने उभी राहत असत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, कारण गाण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता आणि उभे राहणे हाही आदरच आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात गुन्हा ठरतो तो राष्ट्रगीत हेतुपुरस्सर रोखण्याचा किंवा गाणाऱ्यांच्या सभेत व्यत्यय आणण्याचा. म्हणून पालकांना सांगावे की मूल रांगेत सावधान उभे राहील, चुळबूळ करणार नाही. त्यापुढे काही मागू नये.

लेखी अर्ज तर मुळीच घेऊ नये, कारण कागद एकदा निघाला की तो चावडीपर्यंत फिरतो. धर्मग्रंथात तसे कुठे लिहिले आहे, अशी उलटतपासणीही शिक्षकाचे काम नव्हे.

मुलाला शेवटच्या रांगेत किंवा वर्गात बसवून ठेवण्याचा मोह टाळावा. माझ्या देखरेखीखाली एकदा अशा मुलीला ध्वजस्तंभापासून दूर, पाण्याच्या टाकीशी उभे केले गेले. ती खाली पाहत ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि साऱ्या शाळेचे लक्ष तिच्याकडेच गेले. तिला हजेरीच्या क्रमाने, मैत्रिणींमध्येच उभे करायला हवे होते.

कार्यक्रमात कोणी ग्रामस्थ आवाज चढवून जाब विचारू लागला, तर उत्तर मुख्याध्यापकांनी द्यावे, मुलाला पुढे करू नये. इतिवृत्तात उपस्थितीचा आकडा तेवढा लिहावा. कोण गायले नाही, याची नोंद करू नये.