नर्सिंगमधली वाट निवडताना: आयसीयूखेरीज इतर जागाही पारखून घ्या

सातारा-सांगलीकडे बारावीनंतर नर्सिंगला जायचे ठरले की घरात चर्चा होते ती फीची, हॉस्टेलची आणि पुढे नोकरी लागेल का याची. कोणत्या प्रकारच्या रुग्णांजवळ उभे राहून आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे काढायची आहेत, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही, आणि तोवर अनेकांनी ‘आयसीयू (अतिदक्षता विभाग) नाहीतर ओटी (शस्त्रक्रियागृह)’ असे मनाशी पक्के करून टाकलेले असते. हे उत्तर चुकीचे नाही. पण बाकीच्या जागा न पाहता दिले असेल, तर ते बदलण्याची पाळी नोकरी लागल्यावर येते आणि तेव्हा ते जड जाते.

अभ्यासक्रमाचे थोडक्यात सांगायचे तर एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा आहे. पदवीला बारावी विज्ञान, तेही जीवशास्त्रासह लागते. एएनएम आणि जीएनएमला इतर शाखाही चालतात, मात्र एएनएम फक्त मुलींसाठी आहे. चार वर्षांचा खर्च झेपत नसेल तर जीएनएम करून नोकरी धरावी आणि पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे, त्यात काहीही कमीपणा नाही. कॉलेज पाहताना संलग्न रुग्णालयातल्या खाटा खरोखर भरलेल्या असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे, कारण रुग्णच नसलेल्या वॉर्डात प्रात्यक्षिकाची वही भरते, हात मात्र बसत नाही. मान्यतेची कागदपत्रेही मागून बघावीत, कारण राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय पुढचे सगळे अडते.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे कामाच्या जागांची एक न बोललेली उतरंड आहे: वर आयसीयू आणि ओटी, मग जनरल वॉर्ड, त्याखाली गावपातळीवरचे सरकारी आरोग्य उपकेंद्र, आणि सर्वांत शेवटी वृद्धांची, मनोरुग्णांची आणि घरी जाऊन करायची सेवा. या उतरंडीला निदान आपल्या भागाच्या इतिहासाचा तरी आधार नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभे केले. त्या परंपरेत शस्त्रक्रियेइतकेच क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्या रुग्णांचे कामही आले, आणि वानलेसवाडी हे नावच तिथल्या क्षयरोग आरोग्यधामाची आठवण देते. पाचगणीतही क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. क्षयावर गुणकारी औषधे येण्याआधी उपचार म्हणजे विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा, म्हणजे मुख्यतः शुश्रूषाच होती. लोक ज्या रुग्णांना शिवत नव्हते, त्यांच्या उशाशी बसून या भागातली नर्सिंग मोठी झाली आहे.

वृद्धसेवेत ‘शिकायला काही नाही’ असे म्हणणाऱ्याने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची कूस बदलताना अनुभवी सिस्टरांचे हात पाहावेत. त्या चादर ओढून काढत नाहीत, कारण ओढताना कातडी घासली जाते. माकडहाडावर आणि टाचांवर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहतात. बोट काढल्यावर जागा क्षणभर फिकी न पडता लालच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजतात. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या कातडीशी तुलना करून ऊब आणि कडकपणा चाचपावा लागतो. हे कोणतेही मॉनिटर सांगत नाही. ज्यांना अशा बारकाईत रस वाटतो, त्यांनी वृद्धसेवेकडे दुय्यम म्हणून पाहू नये.

उपकेंद्राचेही तसेच. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. पण पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर पावसाळ्यात पोहोचणे आणि जतच्या रखरखीत भागात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या बाळांचे डोस चुकू न देणे, ही कामे आकड्यात मावत नाहीत. लसीच्या डब्यात बर्फाची पाकिटे ठेवण्याआधी ती थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवून, आत पाण्याचा आवाज येतो का ते ऐकायचे असते, कारण थेट गोठलेल्या पाकिटाजवळ पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठून वाया जाते. गोवर-रुबेलाच्या कुपीतली पावडर मात्र एकदा द्रावणात कालवली की ती लस चार तासांनंतर टाकून द्यावी लागते. डॉक्टर शेजारी नसताना असे निर्णय घेणे ज्याला पेलते, त्याला उपकेंद्र मोकळेपणा देते. ज्याला प्रत्येक वेळी वरिष्ठांचा आधार लागतो, त्याने आधी मोठ्या रुग्णालयात दोन-तीन वर्षे काढावीत.

मानसोपचाराबद्दलची भीती बहुतेक ऐकीव असते आणि ती पोस्टिंगमध्येच, म्हणजे शिकताना त्या विभागात प्रत्यक्ष काम करायच्या दिवसांतच, जाते. घरच्या सेवेबाबत मात्र सावधपणा हवा. मुले पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावी, अशी घरे आपल्याकडे गावोगावी आहेत, त्यामुळे काम मिळते. पण ब्युरोमार्फत (घरी नर्स पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) जाताना तास, सुट्टी, रात्रीची व्यवस्था आणि कामाच्या मर्यादा लेखी घेतल्याशिवाय रुजू होऊ नये, नाहीतर इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरांकडून धुणीभांडीही अपेक्षित होतात.

निवड करण्याची खरी वेळ म्हणजे पोस्टिंगचे दिवस. प्रत्येक पोस्टिंग संपताना, कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही आणि कोणत्या कामाआधी पोटात गोळा येत होता, हे वहीत लिहून ठेवावे. यंत्राचे आकर्षण आणि रुग्णाची ओढ यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो. नाइट ड्युटी सोसते का, कंबर साथ देते का, हेही प्रामाणिकपणे लिहावे. मुलांनी, म्हणजे पुढच्या ब्रदर्सनी, ‘तू कॅज्युअल्टीच (अपघात विभागच) बघ’ या सल्ल्यावर न थांबता बालरोग आणि मानसोपचार विभागातही मन लावून काम करून पाहावे.

पहिली नोकरी शक्यतो जिथे सर्व प्रकारचे रुग्ण येतात अशा रुग्णालयात धरावी, आणि वर्ष-दोन वर्षांनी कल स्पष्ट झाल्यावर अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, मानसिक आरोग्य किंवा वृद्धसेवा यांपैकी एका विषयाची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका करावी. मुलाखतीला गेल्यावर पगाराबरोबर एका शिफ्टला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे विचारावे, आणि शक्य असेल तर त्या वॉर्डातल्या कनिष्ठ सिस्टरांशी बाहेर पाच मिनिटे बोलल्याशिवाय होकार कळवू नये.