गिअर लिव्हर ढिला? पाना लावायच्या आधी चीर बघा

नागपुरात गॅरेजवर नवीन लागलेल्या पोराच्या वाट्याला जी कामं येतात, त्यात बाइकचा ढिला गिअर लिव्हर हमखास. उस्ताद म्हणतो, "दहाचा पाना घे अन् कस न बे." पोरगा कसतो, गिऱ्हाईक खूश. मग वर्धा रोडच्या सिग्नलवर लिव्हर नुसताच फिरतो, गिअर पडत नाही, आणि तेच गिऱ्हाईक तणतणत दारात. शिव्या पोराला. मी त्या पोटभर खाल्ल्यात, म्हणून हे जरा ताणून सांगतो.

लिव्हरच्या भोकात दाते असतात, ते शाफ्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या गिअरच्या दांड्याच्या, दात्यांत बसतात. भोकाला एका बाजूला चीर, आणि आडवा बोल्ट ती चीर आवळतो. आधी ही चीर बघा. खाली बसा, मोबाइलची बॅटरी मारा. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या असतील तर बोल्टचं काम संपलं. पुढचा सगळा जोर त्या दोन कडांतच मरतो, शाफ्टला काही पकड मिळत नाही. हाताला मात्र बोल्ट एकदम टाइट लागतो! फसगत होते ती इथंच. अजून जोर लावाल तर आटे जातील. 6 मिमीच्या बोल्टला 10-12 न्यूटन-मीटर पुरे, पान्यावर लटकायचं कारण नाही.

चीर उघडी असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, घाबरू नका. लिव्हर कुठल्या दात्यावर आहे त्याची खूण करा. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, कारण बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो. नुसता ढिला करून लिव्हर निघत नाही आणि मग लोक हातोडी उचलतात. शाफ्टवर हातोडी चालवायची नाही, म्हणजे नाही. दाते पेट्रोल आणि तारेच्या ब्रशनं साफ करा. शाफ्टचे दाते धारदार आणि लिव्हरचे गुळगुळीत दिसले तर लिव्हर बदला. बहुतेक वेळा असंच निघतं, कारण शाफ्टचं लोखंड जास्त कडक असतं.

चीर मिटलीय म्हणून कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी लिव्हरच्या भोकात घालणं, आरीनं चीर रुंद करणं, हे घरी पोचण्यापुरतं. गिऱ्हाईकाला तसं तोंडावर सांगून करा.

वेल्डिंग मात्र कोणी कितीही मोठा उस्ताद सांगो, करू नका. त्या उष्णतेनं शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, जळतं. आणि पुढं चेन सेट बदलायचा तर लिव्हर काढल्याशिवाय बऱ्याच गाड्यांचं साइड कव्हर निघत नाही. एकानं दोन मिनिटांत टाका मारायचा आणि दुसऱ्यानं भर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, ग्राइंडर धरून तो कापत बसायचं. शाफ्ट वाचला तर नशीब.

लिव्हर शाफ्टवर घट्ट आहे आणि तरी खेळतोय? मग लिव्हर आणि शाफ्ट जोडणाऱ्या जोडदांडीचे सांधे किंवा बुश बघा, ते सोपं असतं.

शाफ्टचेच दाते गेले असतील तर एकट्यानं इंजिनाला हात लावू नका. अनेक गाड्यांत शाफ्ट क्लचच्या बाजूनं निघतो, अख्खं इंजिन फोडावं लागत नाही; पण ऑइल, गॅस्केट, मजुरी सगळं आलं. खर्च आधी बोलून घ्या आणि काढलेला शाफ्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. बोट फिरवलं की त्याचं त्यालाच कळतं, बिलावर घासाघीस कमी होते.