फ्रीजचा पंखा कुरकुरतो आहे? तेल घालण्याआधी या चुका टाळा

नागपुरात मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांच्या ताट्या बदलल्या जातात आणि पंख्याच्या मोटरला दोन थेंब तेल दिले जाते. फ्रीजमधून कुरकुर ऐकू येऊ लागली की याच सवयीने आपला हात तेलाच्या त्याच बाटलीकडे जातो, आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते. कारण कूलरची मोटर उन्हाळ्याच्या गरम हवेत चालते, तर फ्रीझरमधील पंखा उणे १८ अंशांच्या आसपास, दमटपणात आणि बर्फाला खेटून फिरत असतो.

पहिली चूक म्हणजे आवाज कुठून येतो हे न पाहताच स्क्रू काढायला घेणे. एका दाराच्या साध्या, हाताने बर्फ वितळवाव्या लागणाऱ्या फ्रीजमध्ये असा पंखाच नसतो. तिथला आवाज बहुधा कॉम्प्रेसरचा किंवा सैल झालेल्या नळीचा असतो. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये एक पंखा फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असतो आणि काही मोठ्या फ्रीजमध्ये दुसरा खाली, कॉम्प्रेसरजवळ असतो. फ्रीझरचे दार उघडताच आवाज थांबला आणि दाराचा बटण-स्विच बोटाने दाबून धरताच पुन्हा सुरू झाला, तर आतल्या पंख्यावर संशय घ्यावा. मात्र काही मॉडेलमध्ये पंखा थोड्या उशिरा सुरू होतो, म्हणून तो लगेच फिरला नाही एवढ्यावरून त्याला जळालेला ठरवू नये. फ्रीझरमध्ये बर्फ जमतो आहे, पण खालच्या कप्प्यातले दूध नासते आहे, हे लक्षणही थंड हवा खाली पोहोचत नसल्याचे आहे.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे बर्फाच्या आवाजाला मोटरचा आवाज समजणे. पाती बर्फाला घासू लागली की खरखर ऐकू येते, आणि अशा वेळी तेलाचा काडीचाही उपयोग होत नाही. फ्रीज रिकामा करावा, प्लग काढावा, दार उघडे ठेवून खाली जुने टॉवेल अंथरावेत आणि पूर्ण रात्र जाऊ द्यावी. त्यानंतर आवाज बंद झाला आणि आठ-पंधरा दिवसांत परतला, तर दोष पंख्यात नसून डिफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या हीटरमध्ये, त्याच्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा पाणी वाहून नेणाऱ्या तुंबलेल्या नळीत शोधावा. आपल्याकडे कूलरची ओलसर झोत थेट फ्रीजवर येईल अशी मांडणी अनेक घरांत असते. दाराची रबराची पट्टी सैल असेल, तर ती दमट हवा आत शिरून बर्फात भर घालते. बर्फ सुरीने किंवा पेचकसने खरवडणे तर सर्वस्वी टाळावे. मागची नळी पातळ असते, तिला भोक पडले की गॅस जातो, आणि हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो.

पॅनेल काढण्यापूर्वी थर्मोस्टॅट शून्यावर नेणे किंवा स्टॅबिलायझरचे बटण बंद करणे पुरेसे मानू नये. प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. पॅनेल बर्फाने धरलेले असेल तर ओढू नये, प्लास्टिक तडकते. वायर कोणत्या खोबणीतून जाते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आता तेलाविषयी. हिवाळ्यात नागपूरच्या घरांत फळीवरचे खोबरेल तेलच थिजते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, तरीही मी एकदा तेच पंख्याला घातले. बाहेर टेबलावर पाती झकास फिरली. फ्रीझरमध्ये बसवल्यावर तासाभरात जागीच अडकली. सुमारे २४ अंशांखाली गोठणारे तेल उणे तापमानात मेणासारखे होणार, हे वेगळे सांगायला नको. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल काही काळाने चिकट होते आणि साधे ग्रीस थंडीत घट्ट होते. गंज सोडवणारा स्प्रे हा तर तेलाला पर्यायच नव्हे. तो बुशमध्ये, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या कड्यात, मुरलेले मूळ तेल धुऊन काढतो, म्हणून चार दिवस शांतता लाभते आणि मग आवाज दुप्पट होतो. कमी तापमानातही पातळ राहणारे सिंथेटिक तेल घ्यावे. शिलाई मशीनचे तेल फार तर वेळ मारून नेण्यासाठी वापरावे. पाती काढून शाफ्ट कोरड्या कापडाने पुसावा, दोन्ही टोकांच्या बुशवर एकेक थेंब सोडावा, हाताने फिरवून तो मुरू द्यावा आणि उरलेले टिपून घ्यावे. जास्त तेल धूळ धरते, शिवाय त्याचा वास अन्नाला लागतो.

शाफ्ट आडवा हलवून पाहिल्यावर खडखडत असेल, तर बुश झिजले आहे. तिथे तेल न घालता मोटरच बदलावी. नवी मोटर घेताना सीताबर्डीच्या दुकानात जुनी सोबत न्यावी आणि तिच्यावरील व्होल्टेज वाचावे. जुन्या फ्रीजमध्ये ती साधारणपणे २२०-२४० व्होल्टची असते, इन्व्हर्टर फ्रीजमध्ये मात्र बहुधा १२ व्होल्टच्या आसपासची डीसी मोटर असते आणि तिला थेट घरच्या विजेवर तपासले तर ती तत्क्षणी जळते. सीलबंद डीसी मोटर उघडून तेल घालण्याच्या भानगडीत पडू नये.

जोडणीच्या वेळी पाती उलटी बसवणे ही नेहमीची चूक आहे. पंखा फिरतो, पण हवा नीट सरकत नाही. मोटरखालचे रबर आणि पॅनेलमागचा थर्मोकोल जागच्या जागी बसला नाही, तर नवा पंखाही थरथरतो. फ्रीज सुरू केल्यावर थंडावा परतायला काही तास लागतात, आणि मे महिन्यात तर त्याहून अधिक. उष्ण हवामानासाठीचा ‘टी’ वर्गही ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, आणि भर मे महिन्यात इथला पारा त्याच्याही पुढे जातो. तेवढ्यात खालचा कप्पा गार झाला नाही म्हणून पॅनेल पुन्हा उघडू नये.