रांगत्या मुलासाठी न्हाणीघर सुरक्षित कसं करावं

रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला घरातला मोठा धोका भरलेल्या बादलीचा. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. वाकून तोल गेला की मुलाला स्वतःला बाहेर काढता येत नाही. पाच-सात सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरतं, आणि बहुतेकदा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून अंघोळ उरकली की बादली, टब रिकामे करून पालथे घाला. पाणी साठवावंच लागत असेल, तर घट्ट झाकणाच्या पिंपात साठवा. न्हाणीघराला बाहेरून, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी उंच कडी बसवा.

गीझर 50 अंशांपुढे नको. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भाजलंच तर 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काहीही लावू नका.

फिनेल, अ‍ॅसिड शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. मूल प्यायलंच तर उलटी करवू नका, अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतं. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.